मागे नाना, पुढे अक्षरं

आमच्या खानदेशात माणूस मेला की त्याचा फोटो फिका होतो. जिवंत माणूस पत्रिकेत ठळक छापतात. कोपऱ्यात, गोल चौकटीत, गॉगल असेल तर गॉगलसकट. गंधमुक्तीच्या, म्हणजे तेराव्याच्या पत्रिकेत मात्र तोच माणूस अक्षरांच्या मागे जातो. अख्ख्या कागदावर पसरतो, धुवून धुवून विटलेल्या साडीसारखा फिकट होतो, आणि त्याच्या नाकाडोळ्यांवरून मजकूर चालत जातो. हे आमच्याकडे शाळेत जाणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं. पण लॅपटॉप उघडला की माणूस आधी ठाऊक असलेलंच विसरतो, असा माझा अनुभव आहे.

मी जळगावला ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवतो. पण घराण्यात पहिला लॅपटॉप मी घेतला, त्यामुळे नातेवाइकांच्या लेखी मी कॉम्प्युटरचा डॉक्टर. कोणाचा पिकविम्याचा फोटो चढत नाही, कोणाच्या मोबाइलवर जावई दिसेनासा झाला, की मला फोन. म्हणून माझ्या वडिलांची वरणगावच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीतून रिटायर व्हायची वेळ आली, तेव्हा पत्रिका छापखान्यात जाणार नाही हे मी समजून चुकलो होतो. वडिलांना आम्ही नाना म्हणतो. नानांच्या मते घरात डॉक्टर असताना दवाखान्यात जाणं हा मूर्खपणा असतो.

"मागे मी, पुढे अक्षरं," नानांनी फोनवर ऑर्डर दिली. "आमच्या सेक्शनच्या फोरमननं केली होती, तशी. आणि वरती अक्काचं नाव. एकटीचं. मोठ्या टायपात."

ही खरी गोष्ट होती. सत्कार, शाल, नारळ यांचं नानांना काही पडलेलं नव्हतं. त्यांना त्या दिवशी अक्का घरात हवी होती.

अक्का म्हणजे माझी थोरली आत्या, सोनगीरला दिलेली. आजी लवकर गेली, नानांना अक्कानंच कडेवर वाढवलं. माझ्या लग्नाच्या पत्रिकेत छापखान्यानं धाकट्या आत्याचं नाव वर आणि अक्काचं खाली घातलं. अक्काला वाचता येत नाही. पण माझ्या आतेभावानं सगळी पत्रिका मोठ्यानं, क्रमानं, एकही नाव न गाळता वाचून दाखवली. इतका प्रामाणिक माणूस खरं तर घरात नसावा. अक्का लग्नाला आली, अक्षता टाकल्या, आणि पंगतीला न बसता गाडीत जाऊन बसली. तेव्हापासून तिनं आमचा उंबरा ओलांडला नव्हता. नाना प्रत्येक कार्याला पत्रिका पाठवत. माझ्या मुलीचं बारसं, घराची वास्तुशांत, दर वेळी अक्काचं नाव आधीपेक्षा थोडं आणखी वर आणि थोडं आणखी मोठं. अक्का येत नसे. आतेभाऊ यायचा, नारळ आणि ब्लाउजपीस द्यायचा, पोटभर जेवायचा आणि जायचा.

"नाना, तुम्ही सरळ जाऊन या ना सोनगीरला," मी म्हटलं.

"पत्रिका तर बघू दे तिला आधी."

"मग फोन तरी करा."

"फोनवर काय बोलतात?" नाना म्हणाले, आणि फोन ठेवला.

फोटो त्यांनी भुसावळच्या स्टुडिओत काढला होता. काळा कोट स्टुडिओचा, केसांचा काळा रंग पाकिटातला, चेहऱ्यावरचा राग स्वतःचा. मी वर्ड उघडलं, मजकूर टाइप केला आणि फोटो आत टाकला. लगेच अक्षरं घाबरून दोन्ही बाजूंना पळाली आणि मधोमध नाना एकटे उरले. मी फोटोला अक्षरांच्या मागे ढकललं. मग वर एक नाव वाढवलं, तर नाना एक ओळ खाली सरकले. दुसरं वाढवलं, आणखी खाली. मामांची मंडळी घालून होईपर्यंत नाना पानाच्या तळाशी गेले होते आणि कागदावर फक्त केस उरले होते. नेमके त्याच संध्याकाळी नाना-आई जळगावला आले होते. नाना माझ्या खांद्यावरून बघत होते.

"मी हलतोय," ते म्हणाले.

"दिसतंय मला."

"अडतीस वर्षं एका मशीनवर काढली. कधी हललो नाही."

शेवटी वॉटरमार्क नावाची सोय सापडली. तिच्यात फोटो घातला की तो पानाला चिकटून बसतो. वर कितीही लिहा, पुसा, नावं वाढवा, फोटो जागचा हलत नाही. पुढचं पान सुरू झालं तर तिथेही आपोआप येऊन बसतो. खाली 'वॉशआउट' म्हणून एक चौकोन होता, त्यात आधीच बरोबरची खूण होती. तिच्यामुळे फोटो फिका होतो आणि अक्षरं वाचता येतात. मी ती खूण तशीच ठेवली. नाना कागदभर पसरले, गुलाबी, धुरकट, दयाळू.

"मी इतका गोरा कधी होतो?" नाना म्हणाले.

"लग्न जमवताना सांगितलं होतं, तेव्हा होतात," आई पलंगावरून म्हणाली. ती वाल निवडत होती. तिलाही त्या फोटोत काही खटकलं नाही. आम्ही तिघं त्या कागदाकडे बघत होतो आणि तिघांनाही तो छान वाटत होता, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो, कारण पुढे सगळं माझ्यावर आलं.

मजकुरासाठी मी एक नक्षीदार मराठी टाइप वापरला होता. माझ्या लॅपटॉपवर तो आहे, इतरांच्या मोबाइलवर नसतो, हे मला तेव्हा सुचलं नाही. जिथे तो नसतो तिथे अक्षरांच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं यांचा चिवडा दिसतो. शेवटच्या ओळी मात्र नानांनी नंतर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवल्या. त्या मी तिथून उचलून जशाच्या तशा चिकटवल्या, म्हणून त्या साध्या टाइपात राहिल्या. मग मी ती फाइल नानांना पाठवली आणि लिहिलं, 'तपासा.' छापील नमुना घेऊन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वरणगावला येतो, असंही कळवलं.

नानांनी तपासली नाही. सकाळी ड्यूटीवर जाण्याआधी त्यांनी ती सोनगीरला आतेभावाला पाठवली, आणि उत्साहाच्या भरात आणखी चार जणांना. फॅक्टरीत मोबाइल नेता येत नाही. फोन गेटवर जमा केला आणि आत गेले.

आतेभावाचं हायवेला टायरचं दुकान आहे. त्यानं ट्रकखालून बाहेर येऊन फाइल उघडली. पहिल्या पानावर त्याचे मामा, म्हणजे आमचे नाना, अख्ख्या कागदावर, फिके. वर चिवडा. तो म्हणतो, मी वाचायचा प्रयत्नसुद्धा केला नाही, फोटो बघूनच समजलो. मोबाइलवर मजकूर लांबला होता, त्यामुळे शेवटच्या ओळी दुसऱ्या पानावर घसरल्या होत्या. दुसऱ्या पानावर पुन्हा मामा, पुन्हा फिके, आणि त्यांच्या छातीवर स्वच्छ मराठीत एवढंच:

रविवार, सकाळी १० वाजता.
स्थळ : राहते घर, वरणगाव.
कृपया टॉवेल-टोपी आणू नये.
आपले, समस्त परिवार.

आता आमच्याकडे टॉवेल-टोपी सत्कारालाही देतात आणि दुखवट्यालाही. राहतं घर दोन्हीकडे तेच असतं आणि समस्त परिवारही तोच. मी नंतर त्या ओळी खूप वेळा वाचल्या. त्यांत चूक एकही नाही.

आतेभावानं नानांना फोन लावला. तो गेटवरच्या खोक्यात वाजत राहिला. आईला लावला. आईनं त्याचा नंबर कधी साठवलेलाच नव्हता, आणि अनोळखी नंबर उचलला की बँकेतलं सगळं जातं असं तिनं टीव्हीवर ऐकलं होतं. मला लावला, तर मी परीक्षेच्या हॉलमध्ये पर्यवेक्षक, माझा फोन स्टाफरूममध्ये. मामाच्या घरचं कोणीच फोन उचलत नाही म्हटल्यावर उरलीसुरली शंकाही फिटली. त्यानं अक्काला सांगितलं आणि जीप काढली.

हॉलमधून सुटल्यावर मी त्याचे ओळीनं आलेले मिस कॉल पाहिले. वाटलं, त्याच्या मुलाच्या अ‍ॅडमिशनचं काहीतरी असेल. तरी लावला, तर त्यानं उचलला नाही. अक्कानं ताकीद दिली होती, दुःखाच्या वाटेवर गाडीत फोन वाजायचा नाही. मी छापील नमुना घेतला आणि वरणगावची बस पकडली.

घरी पोचलो तेव्हा नाना मागच्या अंगणात स्टुलावर बसले होते. गेटवरून आणलेला फोन तसाच पिशवीत होता आणि रविवारसाठी केस रंगवायचं काम चाललं होतं. खांद्यावर जुनं वर्तमानपत्र, डोक्यावर आणि मिशीवर काळा रंग थापलेला, अंगात बनियन. आई वाटीतला उरलेला रंग ब्रशनं कानामागे लावत होती. बोलू नका, मिशी हलते, असं ती त्यांना बजावत होती.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी रडण्याचा आवाज उठला.

आमच्याकडे दुःखाच्या घरी भेटायला जाण्याला 'दारावर जाणं' म्हणतात. बायका गल्लीच्या कोपऱ्यापासूनच गळा काढतात, म्हणजे घरातल्यांना कळतं आणि आतलेही तयार होतात.

"कोण गेलं, बघ रे," नाना मिशी न हलवता म्हणाले. "सकाळपर्यंत तर सगळे बरे होते."

मी पुढच्या दारात आलो. समोरून पदर तोंडाला लावून अक्का येत होती. दोन्ही बाजूंनी दोन बायकांनी तिला धरलं होतं. मागे आतेभाऊ आणि सोनगीरचे तीन-चार जण, टोप्या काढून हातात घेतलेले. शेजारपाजारची माणसं ओट्यावर आली होती आणि गोंधळून बघत होती, कारण त्यांनी तासाभरापूर्वीच नानांना स्कूटरवरून आत जाताना पाहिलं होतं. पलीकडच्या काकूंनी मात्र विचारपूस न करता पदर डोळ्याला लावला आणि त्याही रडू लागल्या. म्हातारपणी माणूस कुठे चौकशा करत बसणार.

आणि अक्का गळा काढून आमच्या खानदेशी बोलीत सांगत होती:

"अरे मना भाऊ रे! माले सोडीसन कसा गया रे! तुले कडवर लिसन बठ्ठा वावर हिंडनू रे!"

मला धक्का बसला. कोण गेलं? कोणता भाऊ? मग तिच्या मागे आतेभावाच्या हातातला मोबाइल दिसला आणि त्यावरचा फिका चेहरा दिसला. माझ्या पिशवीत त्याच चेहऱ्याचा छापील नमुना होता. "अक्का, अक्का, थांब," मी ओरडलो. पण दारावर आलेल्या बाईला कोणी थांबवत नाही. मी रडतोय असं समजून तिनं मला जवळ ओढलं आणि जास्तच मोठ्यानं सुरू केलं.

"आठ वरीस व्हयनात रे! दर सालले वाट दखनू रे! कागद धाडस रे, नाव छापस रे! एक डाव तरी माले लेवाले वना व्हतास रे!"

एकदा तरी न्यायला यायचं होतंस, हे मला नवीन होतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, भाऊ बहिणीला माहेरी न्यायला स्वतः जातो. त्याला मुऱ्हाळी म्हणतात. आम्ही आठ वर्षं तिचं नाव वर वर चढवत होतो, टाइप मोठा करत होतो. तिला नावाचं काही नव्हतं. पहिल्या दिवशी असेल. नंतर ती फक्त दाराकडे बघत बसली होती.

मी मागे वळलो. नाना घरातून पुढच्या दारापर्यंत आले होते आणि दाराआड थांबले होते. सगळं ऐकत होते. खांद्यावरचं वर्तमानपत्र तसंच होतं. कपाळावरून, गालांवरून काळा रंग ओघळत होता, आणि त्यात पाणी किती, रंग किती, हे सांगता येत नव्हतं.

"अक्का," नाना बाहेर आले. "मी शे ना. मी आठेच शे."

अक्का त्यांच्याकडे बघत राहिली. काळं तोंड, काळी मिशी, बनियन, छातीवर परवाचं राशिभविष्य. तिच्या डाव्या बाजूची बाई हात सोडून मागे सरली. अक्का पुढे आली, तिनं आधी नानांचा दंड दाबून बघितला, मग एक सणसणीत कानाखाली दिली. तिचा हात काळा झाला. तिनं तो नानांच्याच बनियनला पुसला.

"जित्ता शे," तिनं सोनगीरच्या मंडळींना सांगितलं.

मंडळींनी टोप्या परत घातल्या. पण ठरवून आलेलं रडणं असं मध्येच बंद कसं करायचं हे कोणाला सुचेना. काही जण तसेच मुसमुसत राहिले. आतेभाऊ मला बाजूला घेऊन चार शब्द बोलला, ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

आई लगबगीनं तांब्या-भांडं घेऊन आली. "अक्का, आत या. चहा टाकते."

अक्का ओट्याच्या पायरीवरच थांबली. "दारवर वनेल माणूस तठे पानी पेस नही."

"अहो, पण कोणी गेलेलंच नाही ना!"

"मी ते दुखलेच वनू ना. सत्कारले नही वनू." मग तिनं नानांकडे बघितलं. "सत्कारले बलावनं व्हई, ते लेवाले ये. कागद नको धाडू."

आणि ती वळली. दारावर आलेलं माणूस जाताना 'येते' म्हणत नाही, तशी ती काही न बोलता जीपमध्ये जाऊन बसली. जीप गेली. पलीकडच्या काकू डोळे पुसून आत गेल्या. आई भरलेला तांब्या हातात घेऊन उभी होती. नाना कितीतरी वेळ पायरीवर बसून राहिले, आणि रंग वाळून त्यांचा अर्धा गाल काळा झाला.

शनिवारी पहाटे त्यांनी स्वच्छ धोतर नेसलं. एरवी ते पँट घालतात. एका पिशवीत भरताची वांगी, दुसऱ्या पिशवीत केळीच्या दोन फण्या.

"मी गाडी करतो, बरोबर येतो," मी म्हटलं.

"मुऱ्हाळी एकटा जातो," नाना म्हणाले, "आणि बसनं जातो."

गालावरचा डाग गेला नव्हता. त्यांनी तो लपवायचा प्रयत्नही केला नाही. दिवसभरात आई चार वेळा दारात जाऊन आली. अक्का आली नाही तर नाना उद्या सत्काराला कोणत्या तोंडाने बसतील, हाच विचार माझ्या डोक्यात फिरत होता. संध्याकाळी रिक्षा थांबली. आधी पिशवी उतरली, मग अक्का उतरली, मग नाना. आईनं उंबऱ्यावर तिच्या पायांवर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला. अक्का उजवा पाय टाकून आत आली आणि पहिलंच वाक्य बोलली, "चहामा साखर कमी टाक."

तिथे सोनगीरला काय झालं, हे मी नानांना रात्री जेवताना विचारलं.

"काही नाही," नाना म्हणाले. "ओट्यावर बसली होती. पिशवी भरून ठेवलेली होती."

रविवारी सत्कार झाला. नानांनी चिवडा पाठवलेल्या चौघांपैकी एक जण पांढऱ्या कपड्यांत आला, त्यानं दारातूनच नानांना खुर्चीत बसलेलं पाहिलं आणि जेवणाच्या रांगेत जाऊन उभा राहिला. भाषणं झाली. अक्का पहिल्या रांगेत होती. नानांनी अंगावरची शाल काढून तिच्या अंगावर घातली, तेव्हा उन्हाळा असूनही तिनं ती काढली नाही.

माणसं पांगल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. "दखाड तो कागद. ज्यानी माले रडावं."

मी लॅपटॉप उघडला. ती डोळे बारीक करून बघत राहिली.

"हाऊ असा काबर दिखस? ताप व्हता का त्याले?"

"मी फिका केलाय, अक्का. अक्षरं वाचता यावी म्हणून."

"फिक्का नको. गडद कर त्याले."

मी वॉशआउटच्या चौकोनातली खूण काढली. पडद्यावर नाना एकदम आले, काळा कोट, काळे केस, सगळा राग. आणि अक्षरं गेली. कोटावरची गेली, मिशीवरची गेली, सगळी मामांची मंडळी काळ्यात बुडाली.

"मनं नाव कोठे शे?" अक्कानं विचारलं.

मी नानांच्या केसांवर बोट ठेवलं. "इथे. सगळ्यांच्या वर. पण आता दिसत नाही. पुन्हा फिका करू का?"

नाना तिच्या खुर्चीमागे उभे होते. अक्कानं एकदा मागे वळून त्यांच्याकडे बघितलं, मग पडद्याकडे.

"नको. नाव नही दिखनं ते चाली," ती म्हणाली. "भाऊ दिखस ना."

तिला सोबत नेता यावं म्हणून तेवढं एक पान मी छापलं. प्रिंटरमधली काळी शाई त्यातच संपली.